वादळ-पुरातलं नुकसान अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नमध्ये कसं दाखवायचं

२०२१ च्या १ सप्टेंबरला रात्री आयडा वादळाचं पाणी न्यू जर्सीत आमच्या बेसमेंटमध्ये शिरलं तेव्हा टॅक्सचा विचार मनात यायचं काही कारणच नव्हतं, फर्नेस, वॉटर हीटर, सोफा, पोरांची पुस्तकं सगळं गुडघाभर पाण्यात. पुढच्या मार्चमध्ये रिटर्न भरायला बसलो तेव्हा एका मैत्रिणीने सांगितलं की अगं हे नुकसान टॅक्समध्ये दाखवता येतं. येतं, पण वाटतं तितकं सरळ नाही ते, आणि आम्हाला त्यातून पैसे मिळायला तीन वर्षांच्या वर गेली. तेव्हापासून दर वादळानंतर ओळखीतलं कोणीतरी फोन करून तेच तेच विचारतं म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी हे बघायचं की तुमचं नुकसान बसतं का. २०१८ पासून राहत्या घराचं, गाडीचं, सामानाचं नुकसान तेव्हाच चालतं जेव्हा ते राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेल्या आपत्तीमुळे झालंय. म्हणजे शेजारच्या झाडाची फांदी साध्या वाऱ्याने पडून गाडी चेपली, किंवा पाइप फुटून घरात पाणी झालं, तर काही नाही. फेमाच्या (आपत्तीत मदत करणारं केंद्र सरकारचं खातं) साइटवर तुमचं राज्य टाकलं की आपत्तींची यादी येते, प्रत्येकीला नंबर असतो, आयडाचा न्यू जर्सीतला नंबर डीआर-४६१४, नॉर्थ कॅरोलायनातल्या हेलीन वादळाचा डीआर-४८२७, लॉस एंजेलिसच्या जानेवारी २०२५ च्या आगींचा डीआर-४८५६. हा नंबर लिहून ठेवा, फॉर्मवर टाकावा लागतो. काही नंबर ईएम ने सुरू होतात, ती आणीबाणीची घोषणा, डीआर म्हणजे मोठी आपत्ती, आणि हा फरक पुढे पैशात पडतो.

२०२५ च्या जुलैमधल्या कायद्याने ही अट कायमची केली, फक्त २०२६ पासून एक दार उघडलंय, राज्याच्या गव्हर्नरने आणि अर्थमंत्र्यांनी मिळून मान्य केलेल्या राज्यपातळीच्या आपत्तीसुद्धा चालतील.

हळूहळू होणारं नुकसान चालत नाही. वाळवीने पोखरलेलं, वर्षानुवर्षं ओल येऊन सडलेलं, हे नाही. अचानक आणि अनपेक्षित असलं पाहिजे. आणि हो, सांगली-कोल्हापूरकडच्या घरात पुराचं पाणी शिरलं तर ते इथे दाखवता येत नाही, तिथे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची घोषणा कुठून असणार. हा प्रश्न मला दोनदा विचारला गेलाय म्हणून लिहिलं.

व्हिसाचं विचारतात लोक. एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल आणि टॅक्ससाठी रेसिडेंट धरले जात असाल तर नियम नागरिकांना तेच तुम्हाला. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाले पोरं-पोरी जे १०४०-एनआर, म्हणजे नॉनरेसिडेंटचं रिटर्न, भरतात त्यांनाही हे नुकसान दाखवायची सोय आहे. भाड्याच्या घरात राहत असाल तरी स्वतःच्या सामानाचं आणि गाडीचं दाखवता येतं, घराचं अर्थातच घरमालक बघेल.

आता आकडा. इथेच ९० टक्के लोक चुकतात, आम्हीपण चुकलो होतो. लोकांना वाटतं दुरुस्तीला २५ हजार डॉलर लागले म्हणजे नुकसान २५ हजार. तसं नाही. दोन आकडे काढायचे. एक, त्या वस्तूचा बेसिस, म्हणजे घेतलं तेव्हाची किंमत आणि नंतर केलेली मोठी कामं, नवीन छप्पर, किचन वगैरे. दुसरा, आपत्तीच्या आदल्या क्षणाची बाजारभावाची किंमत वजा नंतरची किंमत. या दोनातला जो लहान तो धरायचा आणि त्यातून इन्शुरन्सचे आणि इतर भरपाईचे पैसे वजा करायचे. घर, जमीन, झाडं, कुंपण हे सगळं मिळून एकच वस्तू धरतात, पण सामानाचं मात्र प्रत्येक वस्तूचं वेगळं. आठ वर्षांपूर्वी हजार डॉलरला घेतलेल्या सोफ्याचं नुकसान हजार नाही, पाण्यात जायच्या आधी तो क्रेगलिस्टसारख्या जुन्या वस्तूंच्या साइटवर जेवढ्याला गेला असता तेवढं. वाईट वाटतं पण असंच आहे. आईने दिलेल्या पैठणीची भावनिक किंमत तर शून्य.

बेसिसचा मुद्दा लॉस एंजेलिसच्या आगीत फार लोकांना लागला. पॅसिफिक पॅलिसेड्स, अल्टाडीना इथे तीस-चाळीस वर्षांपूर्वी स्वस्तात घेतलेली घरं, बेसिस छोटा, इन्शुरन्सचा चेक त्यापेक्षा मोठा, म्हणजे घर जळून राख झालं आणि टॅक्सच्या हिशोबात उलटा नफा! घाबरू नका, तो सगळा टॅक्सेबल होईलच असं नाही, राहतं घर असेल तर विक्रीवर मिळते तीच अडीच लाखांची, नवरा-बायको मिळून पाच लाखांची सूट इथे लागू होते, आणि उरलेल्यासाठी घोषित आपत्तीत साधारण चार वर्षांच्या आत त्या पैशातून घर बांधलं किंवा दुसरं घेतलं तर नफा पुढे ढकलता येतो. पण असं प्रकरण असेल तर स्वतः करू नका, सीपीए म्हणजे लायसन्सवाला अकाउंटंट गाठा.

किमतीतली घट सिद्ध करायला खरं तर अप्रेझर म्हणजे किंमत ठरवणारा तज्ज्ञ लागतो, पण २०१८ मध्ये आयआरएसने म्हणजे टॅक्स खात्याने काही सोपे रस्ते मान्य केले आणि सामान्य माणसाला हेच कामाला येतात. घराचं नुकसान २० हजार किंवा कमी असेल तर दोन वेगवेगळ्या कॉन्ट्रॅक्टरकडून कामाची आयटमवार लेखी एस्टिमेट्स घ्यायची आणि त्यातलं कमी ते धरायचं. ५ हजार किंवा कमी असेल तर स्वतःच प्रामाणिकपणे अंदाज लिहून काढला तरी चालतो, फक्त तो कसा काढला ते कागदावर हवं. इन्शुरन्स कंपनीच्या रिपोर्टमधला आकडाही वापरता येतो, आणि घोषित आपत्तीत कॉन्ट्रॅक्टरशी सही केलेला करार किंवा एसबीए म्हणजे सरकारच्या स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशनच्या लोनसाठी झालेलं अप्रेझल पण चालतं. सामानासाठी वेगळी ट्रिक आहे, आज तीच वस्तू नवीन केवढ्याला मिळते ते बघा आणि वापरलेल्या दर वर्षामागे १० टक्के कमी करा, गाड्या आणि अँटिक वस्तूंना मात्र हे लागू नाही. एक लक्षात ठेवा, एस्टिमेट पूर्वी होतं तसं करण्यापुरतंच धरायचं, साध्या कार्पेटच्या जागी हार्डवूड घातलं तर वरचा खर्च तुमच्या हौसेचा.

इन्शुरन्सचं सांगते कारण इथे एक सापळा आहे. इन्शुरन्स होता आणि तुम्ही क्लेमच केला नाही, प्रीमियम वाढेल म्हणून सोडून दिला, तर तेवढं नुकसान टॅक्समध्ये मिळत नाही. क्लेम करायलाच लागतो. डिडक्टिबलचा जो भाग तुमच्या खिशातून गेला तो मात्र धरता येतो. साध्या होमओनर पॉलिसीत पूर येत नाही, त्याला वेगळी फ्लड पॉलिसी लागते, आमच्याकडे नव्हती, तेव्हा नकाराचं पत्र हाच आमचा कागद झाला. ते पत्र फेकू नका. फेमाने दुरुस्तीसाठी दिलेली मदत नुकसानातून वजा होते (ती टॅक्सेबल नसते मात्र), एसबीएचं लोन वजा होत नाही कारण ते फेडायचंच आहे, आणि भावाने अट न घालता पाठवलेले पैसे पण वजा होत नाहीत. हॉटेलात राहिलात तो खर्च, बुडालेला पगार, हे नुकसानात धरत नाहीत.

आता या सगळ्या भानगडींमधली सगळ्यात मोठी. साध्या नियमात, एवढं सगळं करून जो आकडा आला त्यातून प्रत्येक घटनेमागे १०० डॉलर वजा, मग तुमच्या एजीआयचे (रिटर्नवरचं, ठरावीक वजावटींनंतरचं एकूण उत्पन्न) १० टक्के वजा, आणि उरलं तर ते शेड्यूल ए या फॉर्मवर, म्हणजे आयटमाइझ करत असाल, स्टँडर्ड डिडक्शन या ठोक वजावटीऐवजी एकेक खर्च मोजून दाखवत असाल, तरच. आमचा एजीआय १ लाख ४० हजार होता आणि नुकसान १४ हजार. १४ हजारातून १०० गेले, मग १४ हजार गेले, हातात भोपळा. ज्यांच्याकडून रिटर्न करून घेतलं त्यांनी बरोबरच सांगितलं होतं तेव्हा, काही मिळणार नाही म्हणून.

पण १२ डिसेंबर २०२४ ला एक कायदा झाला आणि २०२० पासूनच्या मोठ्या आपत्तींना मागे जाऊन सवलत मिळाली. यात १० टक्क्यांची कात्री नाही, १०० च्या जागी ५०० वजा होतात, आणि आयटमाइझ केलं नसेल तरी स्टँडर्ड डिडक्शनच्या वर हे मिळतं. म्हणजे आमचं १४ हजार वजा ५०० बरोबर १३,५००, ते २०२१ च्या जोडप्याच्या २५,१०० च्या स्टँडर्ड डिडक्शनवर आणखी, आणि २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये २,९७० डॉलर परत. हे आम्हाला कोणी फोन करून सांगितलं नाही बरं का, मीच जानेवारीत वाचत बसले होते. २०२१ चं रिटर्न सुधारायची मुदत एप्रिल २०२५ ला संपत होती, त्याआधी १०४०-एक्स, म्हणजे सुधारित रिटर्नचा फॉर्म, गेला.

ही सवलत नंतर थोडी वाढवली. आता हिशोब असा, आपत्ती डीआर म्हणजे मोठी म्हणून १ जानेवारी २०२० ते २ सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेली हवी, सुरू ४ जुलै २०२५ पर्यंत झालेली हवी आणि ३ ऑगस्ट २०२५ पर्यंत संपलेली हवी. त्या जुलैतला टेक्ससमधल्या कर (Kerr) काउंटीचा पूर जेमतेम आत बसतो. त्यानंतर सुरू झालेल्या आपत्तींना परत १० टक्केवाला जुनाच नियम, काँग्रेस पुढे वाढवेल तेव्हा वाढवेल.

कोणत्या वर्षात दाखवायचं यात पण चॉइस आहे आणि ही खूप लोकांना माहीत नसते. आपत्ती २०२५ ची असेल तर २०२५ च्या रिटर्नमध्ये, किंवा तुमची इच्छा असेल तर आदल्या म्हणजे २०२४ च्या रिटर्नमध्ये. आदलं वर्ष घेतलं तर १०४०-एक्स लगेच भरून पैसे लवकर हातात येतात, ज्याचं घर गेलंय त्याला ते हवेच असतात. पण ज्या वर्षी ब्रॅकेट वरचं होतं ते बघा, आणि १० टक्केवाला नियम लागत असेल तर उलट ज्या वर्षी एजीआय कमी ते बरं पडू शकतं, तेव्हा दोन्ही करून बघा. आदल्या वर्षाची निवड फॉर्म ४६८४ च्या सेक्शन डी मध्ये करतात आणि तिची मुदत आपत्तीच्या वर्षाच्या रिटर्नच्या मूळ तारखेनंतर सहा महिने, म्हणजे २०२५ साठी १५ ऑक्टोबर २०२६. मन बदललं तर त्यानंतर ९० दिवसांत निवड मागे घेता येते.

फॉर्म एकच मुख्य, ४६८४. वैयक्तिक मालमत्तेसाठी सेक्शन ए, वर फेमाचा नंबर, प्रत्येक वस्तूला एक कॉलम, चारपेक्षा जास्त वस्तू असतील तर आणखी पानं जोडा. तिथला आकडा शेड्यूल ए वर जातो. आयटमाइझ न करणाऱ्यांनाही या सवलतीसाठी शेड्यूल ए भरावंच लागतं, तिथे ओळ १६ वर नुकसान आणि स्टँडर्ड डिडक्शन दोन्ही लिहून बेरीज, सॉफ्टवेअर हे करतं पण करतंय ना ते डोळ्यांनी बघा, आमच्या सॉफ्टवेअरने पहिल्यांदा नुसतंच १० टक्के कापून शून्य दाखवलं होतं कारण माझी एक टिक करायची राहिली होती.

कागद म्हणाल तर घर तुमचं असल्याचा पुरावा, क्लोजिंगचे पेपर, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, आधीचे आणि नंतरचे फोटो, इन्शुरन्सचा क्लेम आणि उत्तर, फेमाची पत्रं, एस्टिमेट्स. पावत्या पाण्यात गेल्या असतील तर अॅमेझॉन-कॉस्कोच्या ऑर्डर हिस्टरीतून, क्रेडिट कार्डच्या स्टेटमेंटवरून बऱ्याच मिळतात. आधीचे फोटो नाहीत म्हणून रडू नका, आमच्या बेसमेंटमधला टीव्ही आणि सोफा आम्हाला गणपतीच्या आरतीच्या व्हिडिओत सापडले, सगळे टाळ्या वाजवतायत आणि मागे भिंतीवर ६५ इंची! आयआरएसचं पब्लिकेशन ५८४ म्हणजे खोलीवार वस्तूंची कोरी यादी आहे, ती घेऊन एकेक खोली आठवत बसा, एका संध्याकाळी होत नाही ते काम. आणि जुन्या रिटर्नच्याच कॉप्या गेल्या असतील तर फॉर्म ४५०६ वर आपत्तीचं नाव लिहून मागवा, आपत्तीग्रस्तांना फी माफ असते. हे सगळं रिटर्नला जोडायचं नसतं, स्वतःजवळ ठेवायचं, विचारलं तर दाखवायचं.

इन्शुरन्सचा वाद चालू असेल, पैसे मिळायची बऱ्यापैकी शक्यता असेल, तर तेवढा भाग आत्ता दाखवता येत नाही, निकाल लागेल त्या वर्षी. आणि समजा नुकसान दाखवून रिफंड घेतला आणि दोन वर्षांनी इन्शुरन्सवाल्यांनी अचानक चेक पाठवला, तर जुनं रिटर्न उकरायचं नाही, त्या वर्षीच्या उत्पन्नात तो धरायचा, तोही फक्त जेवढा टॅक्स आधी वाचला होता त्या हिशोबाने. राज्याचा टॅक्स मात्र वेगळा बघा, फेडरलमध्ये मिळालं म्हणजे राज्यात मिळेलच असं नाही.