इंग्लंडमधलं वीटकाम म्हणजे इंग्लिश बाँडच? अहो नाही!

बाँड म्हणजे भिंतीत विटा रचायची पद्धत. लंडनच्या क्यू पॅलेसचा फोटो दिसला की कुणीतरी म्हणणारच, वा, काय इंग्लिश बाँड आहे! अरे बाबांनो, ती भिंत फ्लेमिश बाँडमधली आहे. सॅम्युअल फोर्ट्री या व्यापाऱ्याने १६३१ मध्ये बांधलेलं घर, आता ग्रेड वन लिस्टेड, म्हणजे सर्वोच्च दर्जाची संरक्षित वास्तू, आणि इंग्लंडात या बाँडच्या सुरुवातीच्या नमुन्यांत ते मोजतात. ‘डच हाऊस’ हे टोपणनाव वरच्या वळणदार गेबलांमुळे, म्हणजे छताच्या टोकाशी येणाऱ्या भिंतींच्या माथ्यांमुळे, पडलं असं म्हणतात.

इंग्लिश बाँड सिव्हिल डिप्लोमावाल्यांना पाठ असतोच. एक थर सगळा स्ट्रेचर, म्हणजे विटांच्या लांब बाजू, त्यावर एक थर सगळा हेडर, म्हणजे विटांची नुसती तोंडं, आखूड बाजू. झालं. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याचं ट्यूडर राजांच्या काळातलं काम बघा, हेच.

घोळ होतो तो पुढे. लोक भिंत खालून वर वाचतात, लांब वीट दिसली, तोंड दिसलं, की लगेच इंग्लिश म्हणून मोकळे. वर बघूच नका! एकच थर धरा आणि बोट आडवं सरकवा. लांब, तोंड, लांब, तोंड असं एकाच थरात येत राहिलं की फ्लेमिश, आणि प्रत्येक तोंड खालच्या लांब विटेच्या बरोब्बर मध्यावर बसलेलं दिसेल. अख्खा थर एकाच जातीचा निघाला तर इंग्लिश. मी क्यूला लांबूनच हवेत बोट फिरवत होतो, बायको म्हणाली, हे काय चाललंय तुझं, लोक बघतायत. आणि कोपऱ्यावरून तर मुळीच ठरवू नका, तिथे क्वीन क्लोजर, म्हणजे लांबीत उभी चिरलेली वीट, दोन्ही बाँडमध्ये असते, मी स्वतः परीक्षेत तिथेच फसलोय.

मजबुतीला इंग्लिश थोडा वरचढ, कारण फ्लेमिशच्या आत कुठेकुठे उभे सांधे एकावर एक येतात, पण दोन मजली घराला त्याने काय फरक पडतो. दिसायला फ्लेमिशच, यावर मी वाद घालणार नाही.

फक्त एक सांगतो, हल्ली तिकडे आत पोकळी ठेवलेल्या भिंती बांधतात आणि कधीकधी बाहेरून अर्ध्या विटा तोंडं म्हणून लावतात. तोंड भिंतीत आतपर्यंत जातच नाही, मग बाँड कसला? हा नुसता मेकअप.