टाकी चेपली तरी चालेल, फुटता कामा नये

हेलिकॉप्टर कोसळतं, आतली माणसं त्या आपटण्यातून वाचतात आणि काही सेकंदांत भडकलेल्या आगीत त्यांचा जीव जातो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराला हे पुन्हा पुन्हा पाहावं लागलं. म्हणून 1970च्या सुमारास त्यांनी हेलिकॉप्टरांच्या इंधनटाक्याच बदलायला घेतल्या.

नव्या टाकीचं अस्तर रबर आणि मजबूत नायलॉनच्या कापडाचं असतं. धातू ताठ राहतो आणि शिवणीवर उकलतो. हे अस्तर चेपतं, ताणलं जातं, पण सहसा फाटत नाही. अर्थात हे सिद्ध करून दाखवावं लागतं. अमेरिकेच्या नागरी नियमांनुसार टाकी 80 टक्के पाण्याने भरतात, तिच्याभोवती हेलिकॉप्टरच्या सांगाड्यासारखी चौकट बसवतात आणि किमान 50 फुटांवरून न दबणाऱ्या कठीण पृष्ठभागावर सोडून देतात. खाली पोहोचेपर्यंत तिचा वेग ताशी साधारण 62 किलोमीटर झालेला असतो. आदळताच आतलं पाणी उसळून चारी बाजूंना धक्का मारतं, कोपरे फुगतात. त्यानंतर गळती अजिबात चालत नाही. पाणी वापरलं की आगीची भीती नाही, शिवाय ते इंधनापेक्षा जड असल्याने 80 टक्के पाण्याचं वजन काठोकाठ भरलेल्या इंधनाच्या जवळपास जातं. टोकदार वस्तू घुसण्याचीही चाचणी असते: किमान 370 पौंड, म्हणजे सुमारे 168 किलोंचा जोर अस्तराने भोक न पडता सोसायला हवा.

मला मात्र यातला सर्वांत हुशार भाग वाटतो तो नळ्यांच्या जोडांचा. अस्तर कितीही चिवट असो, सांगाडा वाकला की नळी ओढली जाते आणि टाकीच्या तोंडाशीच फाटते. म्हणून तिथला जोड मुद्दाम कमकुवत ठेवतात. ठरावीक ताण आला की तो तुटतो आणि तुटतानाच दोन्ही बाजूंच्या झडपा बंद होतात.

लष्कराच्या हेलिकॉप्टरांत या टाक्या आल्यावर, वाचण्याजोग्या अपघातांत होरपळून होणारे मृत्यू जवळपास थांबले. नागरी हेलिकॉप्टरांसाठी नियम आला 1994 मध्ये, तोही फक्त नव्या आराखड्यांसाठी. जुन्या आराखड्यांची हेलिकॉप्टरं पुढे कित्येक वर्षं अशा टाकीशिवायच बनत राहिली. तंत्र हाताशी असताना झालेला हा उशीर मला अक्षम्य वाटतो. अखेर 2018च्या कायद्याने, 5 एप्रिल 2020 पासून बनलेल्या आणि अमेरिकेत उडणाऱ्या हेलिकॉप्टरांना ती सक्तीची केली. आधीपासून उडत असलेल्यांना ही सक्ती लागू नाही.