रात्री नऊ वाजता उपग्रहाला किती घरं पेलवतात?

घरात कुणी सिनेमा बघत असेल तेव्हा राउटरच्या दिव्यावर जरा नजर ठेवा. दिवा क्षणभर जोरात फडफडतो आणि शांत होतो. काही सेकंदांनी पुन्हा फडफडतो, पुन्हा शांत. सिनेमा सलग धारेनं येत नाही, काही सेकंदांचे तुकडे करून येतो. एक तुकडा झटक्यात उतरवून घेतला की तो बघून होईपर्यंत लाइन मोकळीच असते.

घरोघरी इंटरनेट देण्याचा सगळा धंदा या मोकळ्या वेळावर उभा आहे. सेकंदाला १०० मेगाबिटची लाइन घेतलेल्या घराला ते १०० मेगाबिट क्वचितच लागतात. एचडी सिनेमाला साधारण ५ मेगाबिट पुरतात, फोर-केला १५ ते २५. शिवाय सगळी घरं एकाच क्षणी ओढत नाहीत. हजारो घरांची सरासरी काढली, तर रात्रीच्या ऐन गर्दीतही ती दरघरी काही मेगाबिटच भरते. हिशेबासाठी अडीच धरू. म्हणजे उपग्रह सेवेला घरच्या ग्राहकासाठी स्पर्धेत उतरायचं असेल, तर जाहिरातीतल्या १०० या आकड्यापेक्षा हा अडीच जास्त महत्त्वाचा. एका वस्तीतल्या किती घरांना तो एकाच वेळी देता येईल, यावर सगळं ठरतं.

२०११ साली सोडलेल्या व्हायासॅट-१ या इंटरनेट उपग्रहाची क्षमता सेकंदाला १४० गिगाबिट, म्हणजे १ लाख ४० हजार मेगाबिट होती, त्या काळी विक्रमी. अडीचनं भागलं की ५६ हजार घरं. एका अख्ख्या उपग्रहात! त्यात तो भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारा, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. आपली विनंती वर जाऊन खाली येते, उत्तरही तसंच वर जाऊन खाली येतं. या चार फेऱ्यांत प्रकाशाच्या वेगानंसुद्धा जवळजवळ अर्धा सेकंद जातो. सिनेमाला ते चालतं. बोलताना मात्र दोघंही एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकत राहतात. बँडविड्थ कितीही वाढवली तरी हा अर्धा सेकंद कमी होत नाही.

म्हणून उपग्रह खाली आले. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात. तिथून त्याच चार फेऱ्यांना सात-आठ मिलिसेकंद लागतात. पण खालचा उपग्रह एका जागी थांबत नाही, तासाला सुमारे २७ हजार किलोमीटर वेगानं पुढे निघून जातो. एक गेला की दुसरा हवा, म्हणून हजारो लागतात. आणि पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली असल्यामुळे कुठल्याही क्षणी त्यातले पुष्कळसे समुद्रावर असतात.

मग आणखी उपग्रह सोडले की झालं? खरी गाठ इथेच आहे. उपग्रहांची संख्या वाढवता येते, त्यांना वापरायला मिळणारा रेडिओ लहरींचा पट्टा वाढवता येत नाही. उपग्रहाकडून घरच्या डिशकडे येणाऱ्या संदेशासाठी स्टारलिंक मुख्यतः १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरते, म्हणजे २,००० मेगाहर्ट्झ रुंदी. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार एवढ्या रुंदीतून किती माहिती जाईल यावर कमाल मर्यादा असते. गोंगाटाच्या मानानं संदेश तितकाच ठळक ठेवून रुंदी दुप्पट केली, तर माहितीही दुप्पट जाते. नुसती शक्ती दुप्पट केली, तर हर्ट्झमागे फार तर एका बिटची भर पडते. दर हर्ट्झला तीन बिट धरले, तर एका जागी सेकंदाला ६ गिगाबिट उतरतात.

ही ‘एक जागा’ केवढी? उपग्रहाचा झोत जमिनीवर २०-२५ किलोमीटर व्यासाचा पडतो असं धरलं, तर झाले सुमारे ४०० चौरस किलोमीटर. ६ गिगाबिट भागिले अडीच मेगाबिट, म्हणजे २,४०० घरं. दर चौरस किलोमीटरला सहा! लहरींच्या कंपनाची दिशा बदलून तोच पट्टा दुसऱ्यांदा वापरला, तर बारा. विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांना, डोंगरातल्या घरांना, जहाजांना हे भरपूर आहे. तिथे केबल टाकायला कुणी जात नाही, आणि माझ्या मते उपग्रहानं तिथे केलेलं काम खरोखर मोलाचं आहे. शहरात एवढ्या जागेत हजारो घरं असतात. तिथे जमिनीखालच्या केसाएवढ्या काचेच्या एका तंतूतून जीपॉन या एक तंतू अनेक घरांत वाटण्याच्या नेहमीच्या पद्धतीनं अडीच गिगाबिट येतात आणि त्यात वाटेकरी असतात जेमतेम ३२ किंवा ६४ घरं. शेजारच्या गल्लीत दुसरा तंतू टाकला, तर त्याचे अडीच गिगाबिट वेगळे. आकाश मात्र सगळ्यांना मिळून एकच.

यावर उपाय म्हणजे झोत आणखी बारीक करणं, म्हणजे तोच पट्टा थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येतो. त्याला मोठा अँटेना हवा, मोठ्या अँटेनाला जड उपग्रह आणि त्याला दणकट रॉकेट. नव्या पिढीचे उपग्रह याच वाटेनं चालले आहेत.

घरून वर जाणाऱ्या संदेशाची वाट आणखी अरुंद आहे. डिशला १४ ते १४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम ५०० मेगाहर्ट्झ मिळतात. येणाऱ्या पट्ट्याच्या चौथा हिस्सा. शिवाय छतावरच्या छोट्या डिशची ताकद ती किती! त्यामुळे गर्दीच्या वेळी व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस आपल्याला स्वच्छ दिसत असतो आणि त्याला मात्र आपण ठोकळ्या-ठोकळ्यांत दिसत असतो.