टर्बो इंजिनासाठी कॅमशाफ्टची निवड

टर्बोचार्जर (एक्झॉस्ट वायूने टर्बाइन फिरवून इंजिनात हवा दाबणारे यंत्र) बसवलेल्या मोटारगाडीच्या इंजिनात इनटेक (आत घेणाऱ्या) व एक्झॉस्ट (बाहेर सोडणाऱ्या) झडपा केव्हा, किती उंच आणि किती वेळ उघड्या राहाव्यात हे ठरवून त्याला जुळणारा कॅमशाफ्ट, म्हणजे लोब या उंचवट्यांनी झडपा उघडणारा दांडा, निवडण्याची प्रक्रिया. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून ड्युरेशन (झडप उघडी राहण्याचा काळ) क्रँकच्या अंशांत, तर लोब सेपरेशन (इनटेक व एक्झॉस्ट लोबांच्या मध्यांतील अंतर) कॅमच्या अंशांत मोजतात. बाजारात कॅम ड्युरेशनच्या आकड्याने ओळखला जातो, पण टर्बो इंजिनात निर्णायक ठरतो तो ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही झडपा एकदम उघड्या असण्याचा काळ. त्याचा विचार टर्बाइनच्या तोंडाशी साचणाऱ्या दाबापासून वेगळा करता येत नाही.

‘टर्बोला ओव्हरलॅप नको’ हा दंडक टर्बोचार्जिंगइतकाच जुना असावा असा सर्वसाधारण समज आहे. आरंभीचा पुरावा मात्र उलट दिसतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने एक्झॉस्ट वायूच्या ऊर्जेवर हवा दाबण्याच्या कल्पनेचे पेटंट 1905 मध्ये नोंदवले. 1925 च्या सुमारास त्याने मांडलेल्या पद्धतीत एक्झॉस्टच्या अरुंद, अलग नळ्या आणि भरपूर ओव्हरलॅप यांची सांगड होती. दोन्ही झडपा उघड्या असताना दाबाची ताजी हवा सिलिंडर धुऊन काढी. त्याच दशकात ‘प्रॉयसेन’ व ‘हान्झेश्टाट डान्त्सिश’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची शक्ती टर्बोमुळे सुमारे 1,750 वरून 2,500 अश्वशक्तीवर गेली. ती डिझेल इंजिने होती. आरपार गेली ती नुसती हवा, इंधन नव्हे. 1962 मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर या टर्बो असलेल्या पेट्रोल गाड्या बाजारात आल्या. त्यांच्यासारख्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात ओव्हरलॅपमध्ये निसटते ते हवा-पेट्रोलचे मिश्रण. त्यात टर्बाइन लहान असेल तर एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या, म्हणजे टर्बोने इनटेकमध्ये वाढवलेल्या दाबाच्या, वर जातो. हा दंडक अशा पेट्रोल गाड्यांच्या अनुभवातून रूढ झाला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तो नियम म्हणून नव्हे, तर विशिष्ट दाबस्थितीचा निष्कर्ष म्हणून वाचावा.

ही दाबस्थिती मोजता येते आणि कॅम विकत घेण्याआधी ती मोजलीच पाहिजे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर टर्बाइनच्या फ्लँजजवळ 1/8 इंची पाइप आट्यांचे भोक पाडून त्यात सुमारे एक मीटर लांबीची धातूची बारीक नळी वेटोळे करून बसवतात, म्हणजे वायू थंड होऊन सेन्सरपर्यंत पोहोचतो. गेजवर बूस्ट 1 बार आणि एक्झॉस्टचा दाब 2 बार दिसला, तर गुणोत्तर दुप्पट वाटते. निरपेक्ष दाब मात्र वातावरणाचा 1 बार धरून 2 व 3 बार, म्हणजे दीडपट असतो. तुलना नेहमी निरपेक्ष दाबांचीच करावी. गुणोत्तर 1 च्या आसपास किंवा खाली असेल तर ओव्हरलॅप फायद्याचा ठरतो. ते दीडपटीपुढे गेले की जळका वायू सिलिंडरमध्ये आणि तिथून इनटेकमध्ये उलटा शिरतो. ताज्या मिश्रणाची जागा घटते, तापमान वाढते आणि नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी, ठोके देत पेटणे) सुरू होते. अशा इंजिनाला मोठा कॅम घालण्यापेक्षा टर्बाइन हाउसिंग मोठे करणे श्रेयस्कर.

सरासरी दाबाइतकेच स्पंदांनाही महत्त्व आहे. 1-3-4-2 या ज्वलनक्रमाच्या चार सिलिंडरी इंजिनात पहिल्यानंतर 180 अंशांनी तिसऱ्याची एक्झॉस्ट झडप उघडते. ड्युरेशन 250 अंश असेल तर तेव्हा पहिल्याची झडप बंद व्हायला अजून 70 अंश बाकी असतात. तिसऱ्याचा जोरदार स्पंद नेमका पहिल्याच्या ओव्हरलॅपवर आदळतो. ट्विन-स्क्रोल (वायूचे दोन अलग मार्ग असलेल्या) टर्बाइनमध्ये 1-4 आणि 2-3 अशा जोड्या वेगळ्या ठेवतात त्या यासाठीच. तीन सिलिंडरांत हे अंतर 240 अंश असल्याने त्रास बराच कमी.

मित्सुबिशीचे 4जी63 हे 1,997 घसेंचे इंजिन उदाहरणादाखल घेता येईल. त्यासाठी एचकेएस या जपानी कंपनीचे 264, 272 आणि 280 अंशांचे कॅम प्रसिद्ध आहेत. दोन्ही ड्युरेशनच्या सरासरीतून लोब सेपरेशनची दुप्पट वजा केली की ओव्हरलॅप मिळतो. सेपरेशन 112 धरल्यास या तिघांचा ओव्हरलॅप अनुक्रमे 40, 48 आणि 56 अंश येतो. इनटेक कॅम ॲडजस्टेबल गिअरने क्रँकच्या 4 अंशांनी मागे घेतला तर सेपरेशन 114 होते आणि 272 च्या जोडीचा ओव्हरलॅप 44 वर उतरतो. मात्र इनटेक झडपही तितकीच उशिरा मिटते आणि कमी आरपीएमवरचा टॉर्क थोडा जातो. वेगवेगळ्या उत्पादकांचे आकडे थेट ताडून पाहू नयेत. कोणी 0.15 मिमी लिफ्टपासून (उचलीपासून) मोजतो, कोणी 1 मिमीपासून, तर अमेरिकेत 1.27 मिमीची पद्धत आहे. एकाच कॅमच्या दोन मोजण्यांत 40 अंशांहून अधिक तफावत पडू शकते.

झडपेच्या स्प्रिंगबाबत एक हिशेब सर्रास मांडला जातो. 34 मिमीच्या इनटेक झडपेचे क्षेत्रफळ सुमारे 9.1 चौसेंमी, म्हणून 1 बार बूस्ट तिला 9 किलोच्या जोराने उघडू पाहतो. या हिशेबात सिलिंडर रिकामा धरला आहे. प्रत्यक्षात इनटेक झडप मिटलेली असताना आत दाब असतोच. खरा धोका एक्झॉस्ट झडपेला. इनटेक स्ट्रोकमध्ये मागून 3 बार आणि समोरून 2 बार असल्यास 30.5 मिमीच्या झडपेवर सुमारे 7.4 किलोचा उघडणारा जोर येतो. स्पंदाच्या शिखरावर तो आणखी वाढतो. स्प्रिंगचा सीट-दाब (झडप मिटलेली असतानाचा जोर) ठरवताना हा आकडा धरावा. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकण्याआधी किमान 1 ते 1.5 मिमी जागा उरली पाहिजे.

पिस्टन आणि झडप यांतील अंतर मातीने तपासतात. पिस्टनच्या खाचांवर मुलांची खेळण्याची माती थापून, हेड बसवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा. मग माती पात्याने कापून सर्वांत पातळ भाग मोजायचा. इनटेकला 2 मिमी आणि एक्झॉस्टला 2.5 मिमी हे नेहमीचे किमान प्रमाण. हायड्रॉलिक ॲडजस्टर (झडपेची फट तेलाच्या दाबाने भरून काढणारे भाग) दबतात आणि अंतर खोटे जास्त दाखवतात. म्हणून चाचणीपुरते ठोस ॲडजस्टर व हलक्या स्प्रिंगा वापराव्यात.

टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याचे स्थान) पुलीवरच्या खुणेवरून घेऊ नये. पिस्टन अडवणारा स्टॉपर लावून दोन्ही बाजूंच्या वाचनांचा मध्य काढावा. कॅमचेही तसेच. पूर्ण लिफ्टच्या दोन्ही अंगांना सारख्याच उताराची वाचने 78 आणि 142 आली, तर लोबचा मध्य 110. कॅमसोबतच्या कार्डावरील आकड्याशी हे जुळले नाही, तर दुरुस्ती ॲडजस्टेबल गिअरवर करावी.

नवा कॅम बसल्यावर आयडलचा व्हॅक्यूम घटतो. मॅनिफोल्डच्या दाबावरून हवा मोजणारा ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) फसतो, ब्रेक बूस्टरही कमी पडू शकतो. ट्यूनिंग नव्याने करावे लागते. डायरेक्ट इंजेक्शन आणि बदलत्या टायमिंगच्या इंजिनांत एक्झॉस्ट झडप मिटल्यावर पेट्रोल सोडता येते. त्यामुळे कमी आरपीएमवर नुसती हवा आरपार नेऊन टर्बाइन लवकर फिरवतात. ब्यूखीचीच कल्पना पेट्रोल इंजिनात आली ती अशी.

महाराष्ट्रात सोलापूर हे कॅमशाफ्ट उत्पादनाचे केंद्र आहे. तेथील 1992 मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी चिल्ड कास्ट आयर्नचे कॅमशाफ्ट बनवते. या पद्धतीत साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे ठेवतात. त्यांना लागून बीड झटकन थंड होते आणि लोबचा पृष्ठभाग कठीण होतो. हा कठीण थर मर्यादित जाडीचा असतो. जुना कॅम घासून नवे प्रोफाइल काढताना तो पुरतो की नाही हे आधी पाहावे लागते. घासण्याने बेस सर्कलही (लोबचा झडप न उचलणारा गोल भाग) लहान होते, आणि वाढलेली फट ॲडजस्टरच्या पल्ल्यात बसली नाही तर झडप खडखडत राहते.