मुरगळलेला घोटा आणि दह्यावरची बंदी

सिंहगड उतरताना पाय मुरगळला की घरातून फर्मान निघतं: दही, लिंबू, चिंच बंद, आंबटाने सूज चढते. हा सल्ला पुण्यात सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत कुठेही फुकट मिळतो. त्याला आधार मात्र नाही.

सूज येते ती घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, ताणल्याने किंवा फाटल्याने. तिथल्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो. जेवणातलं लिंबू घोट्यापर्यंत आंबटपणा नेत नाही. जठरातलं आम्ल त्याहून जहाल असतं, आणि रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, शरीर ७.३५ ते ७.४५ च्या मधेच ठेवतं. उलट अस्थिबंध मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचा असतो आणि कोलॅजन नीट तयार व्हायला क जीवनसत्त्व लागतंच. मोठ्या माणसाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम. मंडईतला एक मध्यम पेरू ती सहज भागवतो. म्हणजे पथ्याच्या नावाखाली आपण कामाचंच बंद करतो! (ॲसिडिटीचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी.)

खरी हेळसांड होते प्रथिनांची. पाय उशीवर, पोटात पेज. हालचाल थांबली की पोटरीचा स्नायू लवकर रोडावतो. तेव्हा मटकीची उसळ, अंडी, पनीर, मासे, आणि हो, दहीसुद्धा खावं. हळदीचं दूध हवं तर प्या, पण अस्थिबंध जोडणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे काढा.