सोळा कप्पे की मोजपट्टी?

मायर्स-ब्रिग्ज ही स्वभावाची चाचणी दिली की शेवटी चार अक्षरं हातात पडतात आणि आपण सोळांपैकी एका कप्प्यात जाऊन बसतो. गडबड होते ती इथेच. उंची मोजली तर बहुतेक माणसं सरासरीच्या आसपास भरतात, अंतर्मुखता-बहिर्मुखतेचंही तसंच. पण ही चाचणी मधोमध रेघ मारते. समजा १०० पैकी गुण दिले, तर ४९ वाला अंतर्मुख, ५१ वाला बहिर्मुख, आणि हा ५१ वाला थेट ९५ वाल्याच्या पंक्तीला! महिन्याभराने पुन्हा चाचणी दिली की रेघेजवळच्या अनेकांचा प्रकार बदलतो. माणूस मात्र तोच असतो. अशा निकालावर करिअर ठरवू नये.

संशोधक म्हणूनच स्वभावाचे पाच गुण सलग पट्टीवर मोजतात: खुलेपणा, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कामगिरीचा अंदाज बांधायला सगळ्याच व्यवसायगटांत उपयोगी ठरला तो काटेकोरपणा. तरी कामगिरीशी त्याचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं) ०.२ च्या आसपासच. त्याचा वर्ग ०.०४, म्हणजे कामगिरीतल्या फरकापैकी जेमतेम ४ टक्के भाग यातून समजतो. विक्रीला बहिर्मुख माणूसच हवा, हा समजही पुरता खरा नाही. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट यांच्या २०१३ च्या अभ्यासात सर्वाधिक विक्री केली ती पट्टीच्या मध्यावर असलेल्यांनी. फार बोलका विक्रेता ग्राहकाचं ऐकून घेण्यात कमी पडत असावा, असं त्यांचं स्पष्टीकरण.

मग क्षेत्र कशावरून निवडायचं? स्वभावापेक्षा आधी कल, म्हणजे कोणत्या कामाची आवड आहे, ते पाहावं. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी कामांचे सहा गट मांडले: वास्तववादी (हातांनी, अवजारांनी करायची कामं), शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि पारंपरिक (नोंदी-हिशेबाची, ठरल्या पद्धतीची कामं). हे गट त्यांनी षटकोनाच्या सहा कोपऱ्यांवर ठेवले; त्यावर शेजारचे गट एकमेकांशी जुळतात, समोरासमोरचे सर्वांत दूर. कलचाचणीतले सर्वाधिक गुणांचे तीन गट घ्यावेत; पहिल्या दोघांत एक-दोन गुणांचाच फरक असेल तर त्या क्रमाला अर्थ नाही. उत्तरं देताना ‘मला कसं व्हायचंय’ हे मनात आलं की निकाल बिघडतो. गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष काय केलं, तेवढंच आठवावं. स्वभावाची प्रश्नावली सोबत काम करणाऱ्या एखाद्याकडूनही आपल्याबद्दल भरून घ्यावी.

स्वभावाचा खरा उपयोग निवडलेल्या कामाची घडी बसवताना होतो. अंतर्मुख माणूस उत्तम शिक्षक होऊ शकतो. फक्त सलग चार तासिकांनंतर त्याला अर्धा तास शांतता लागते. काटेकोरपणा कमी असलेल्याने तीन महिन्यांची एकच मुदत न घेता दर आठवड्याला दुसऱ्या कुणाला तरी काम दाखवायचं ठरवावं.