आवाज थांबला तरी हलायचं नाही

एमआरआय करताना रुग्णाकडून मुख्यतः एकच गोष्ट हवी असते: हलू नका. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला ते जमलं नाही, की ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो. मला तो अन्यायाचा वाटतो. जेमतेम ६०-७० सेंटिमीटर रुंदीचा बोगदा, १०० डेसिबलच्याही वर जाणारा आवाज, आणि त्यात २० ते ४५ मिनिटं निपचित पडून राहायचं. हे सगळं अचानक अंगावर आलं तर कोण घाबरणार नाही?

हलल्याने बिघडतं काय? एमआरआयचं चित्र फोटोसारखं एका क्षणात निघत नाही. शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांकडून आलेले संकेत कित्येक मिनिटं गोळा होत राहतात आणि प्रत्येक संकेतात संपूर्ण चित्राचा थोडा थोडा अंश असतो. म्हणून क्षणभर मान वळली तरी सगळंच चित्र बिघडू शकतं.

खरी भीती असते ती आवाजाची. यंत्राच्या प्रबळ चुंबकाच्या आत तारांची वेटोळी असतात आणि त्यांतला वीजप्रवाह अतिशय वेगाने बदलत राहतो. चुंबकीय क्षेत्रात त्या वेटोळ्यांना झटके बसतात, ती थरथरतात. लाउडस्पीकरही याच तत्त्वावर वाजतो. चित्राचा प्रकार बदलला की थरथरण्याची लय बदलते, म्हणून कधी ठकठक, कधी घरघर.

आवाज असा ठरावीक असल्यामुळे त्याची आधीच सवय करता येते. त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकवायचं, पहिले काही दिवस अगदी हळू, मग हळूहळू मोठं. कानात बोळे घालण्याचा सरावही तेव्हाच करावा. खोलीचे आणि यंत्राचे फोटो क्रमाने लावून ‘आधी हे, मग हे’ असं दाखवलं, की शब्दांपेक्षा लवकर कळतं. काही ठिकाणी चुंबक नसलेलं नकली यंत्र सरावासाठी ठेवलेलं असतं. ते मिळालं तर फारच उत्तम.

रुग्ण पन्नाशीचा असेल तर त्याच्याशी लहान मुलासारखं बोलू नये. प्रश्न त्यालाच विचारावा, सोबत आलेल्याला नव्हे, आणि उत्तरासाठी थांबावं. नकार शब्दांत येईलच असं नाही. हात मागे घेणं हाही नकारच असतो.

इतकं करूनही जमलं नाही तर गुंगीचं औषध किंवा पूर्ण भूल हा मार्ग आहे. त्यासाठी उपाशी राहावं लागतं, आणि हेही आधीच समजावून सांगावं लागतं. तपासणीच सोडून देणं मात्र धोक्याचं. दुखणं सांगता न येणाऱ्या माणसाचं वागणं बदललं, तर ‘तो असाच आहे’ म्हणून खरा आजार नजरेआड होतो.

एक गोष्ट सांगायची हमखास राहते. दोन चित्रांच्या मध्ये यंत्र अचानक गप्प होतं. रुग्णाला वाटतं, संपलं, आणि तो उठू पाहतो. तेव्हा ‘आवाज थांबला तरी हलायचं नाही’ हे सरावातच सांगून ठेवावं, आणि प्रत्यक्ष तपासणीत मायक्रोफोनवरून ओळखीच्या आवाजात कळवत राहावं: अजून तीन. अजून दोन.